नाथा पाटलांचा फोटो आणि तीन सॉफ्टवेअर

गिरगावातल्या एका फोटो लॅबच्या डार्करूममध्ये पुष्पलता मयेकर बावीस वर्षं प्रिंट काढत होत्या. लग्नाचे, मुंजीचे, नाटकांच्या जाहिरातींचे. निगेटिव्हमधून उजेड पाडणाऱ्या एनलार्जरखाली कागद ठेवला की त्यांचे हात आपसूक चालायचे. कागदावर जिथे उजेड जास्त पडेल, तो भाग काळा व्हायचा. नवरीचा चेहरा काळा पडतोय असं वाटलं की तेवढ्यावरचा प्रकाश पंजाने अडवायचा. शालू फटफटीत पांढरा होतोय असं वाटलं की तिथे चार सेकंद जास्त द्यायचे. गिऱ्हाइकाला यातलं काही कळायचं नाही. फोटो छान आला एवढंच तो म्हणायचा, आणि तेही फोटोग्राफरला.

२००४ साली लॅब बंद झाली. त्याच वर्षी मयेकर मंडळी गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आली. मुलगी कृतिका कॉलेजात होती. तिच्यासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर तिनेच आईला फोटो दुरुस्त करायला शिकवलं. पहिले काही महिने पुष्पलताबाई वैतागायच्या. "कागद ओला नाही, वास नाही. फोटो झाला कधी ते कळणार कसं?"

"तुला वाटलं की झाला," कृतिका म्हणाली.

सुयोग पाटील त्यांच्याकडे काम घेऊन यायचा. हा भाईंदरचा, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेल्या घरातला, वय तिशीचं. त्याने मात्र हातात कॅमेरा धरला होता. इंद्रलोक वसाहतीच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि बिल्डर लोकांच्या माहितीपत्रकांसाठी तो सँपल फ्लॅटचे फोटो काढायचा. त्याची अडचण एकच होती. हॉल नीट दिसेल असा फोटो काढला की खिडकी नुसती पांढरी. खिडकीबाहेरचं दिसेल असा काढला की सोफा काळोखात.

२००८च्या जानेवारीत तो एक सीडी घेऊन आला.

"काकू, याला एचडीआर म्हणतात. ट्रायपॉडवर तीन फोटो काढायचे, एक काळा, एक मधला, एक उजळ. सॉफ्टवेअर तिन्हींचा मिळून एक करतं. आत पण दिसतं, बाहेर पण दिसतं. तीन सॉफ्टवेअर आहेत, तिन्ही ट्रायलची. तुम्ही वापरून बघा आणि सांगा, कुठलं घेऊ?"

"म्हणजे मी हाताने करायचे तेच," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"तेच. फक्त सात मिनिटांत."

त्यांनी काम मनावर घेतलं. शंभर पानी वही केली. एकाच फ्लॅटचे तेच तीन फोटो तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये घालून बघायचे आणि लिहून ठेवायचं, असा आठवडाभर उद्योग चालला. सॉफ्टवेअरची इंग्रजी नावं तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी तिघांना आपली नावं दिली. पहिलं अवखळ. ते प्रत्येक वस्तूच्या कडेने उजेडाची रेघ ओढायचं, अगदी पंख्याच्या पात्यांनासुद्धा. दुसरं सोशिक. ते काळं फार काळं होऊ द्यायचं नाही, पांढरं फार पांढरं होऊ द्यायचं नाही, आणि शेवटी सगळं चित्र राखेच्या रंगाचं करून ठेवायचं. तिसरं हौशी. त्यात भिंतीचा खरबरीतपणा, पडद्याची वीण, खिडकीबाहेरचं प्रत्येक झाड स्वच्छ दिसायचं आणि आकाश निळंजांभळं व्हायचं. ट्रायलची असल्यामुळे तिघंही फोटोवर आडवं आपलं नाव छापायची, तेवढं डोळ्याआड करावं लागायचं.

"सोशिक घे," त्यांनी सांगितलं. "त्यात थोडा काँट्रास्ट मी हाताने चढवीन. घर घरासारखं दिसेल."

सुयोगने तिन्ही नमुने बिल्डरला दाखवले. बिल्डरने हौशीवर बोट ठेवलं. सुयोगने हौशी विकत घेतलं.

फेब्रुवारीत सुयोगने तोच प्रयोग आपल्या वडिलांवर केला. नाथा पाटील एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा हा मिठागरातला शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी मिठागर बंद होणार होतं, तिथे मीठ पिकणार नव्हतं. दुपारच्या उन्हात खोपीच्या दारात बसवून सुयोगने आतून त्यांचे तीन फोटो काढले. आत काळोख, बाहेर मिठाचे ढीग. नाथाकाका जराही हलले नाहीत. हौशीतून निघालेल्या फोटोत त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन्‌सुरकुती दिसत होती, मागे मिठाचा दाणा न्‌ दाणा, त्यामागे खाडी आणि लांबच्या टेकड्याही. सुयोगने तो दारावरच्या तोरणाएवढा रुंद करून छापून घेतला आणि चौकटीत बसवून घरी नेला.

दोन दिवसांनी तो पूनम सागरला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बाबा म्हणाले, यो मी न्हाय."

"का?"

"म्हणाले, मना यात काय दिसत न्हाय. समदं भरलंय. काकू, त्यांच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे. एका डोळ्यावर पडदा वाढलाय, दुसऱ्यात मोतीबिंदू. पन्नास वर्षं त्या उन्हात काढलीत. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच."

पुष्पलताबाईंनी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चल. दुपारीच."

चार वर्षं त्या मीरा रोडला राहत होत्या, पण मिठागर त्यांनी रिक्षातून जाता-येता पाहिलं होतं तेवढंच. सुयोगने त्यांना बांधावरून खोपीपर्यंत नेलं. बाहेरून आत शिरल्यावर मिनिटभर त्यांना काहीच दिसेना. नुसता आवाज आला, "बस, बाय." हळूहळू डोळे सरावले तसा नाथाकाकांचा चेहरा उमटला, आधी गालाचं हाड, मग मिशी. तो नीट दिसायला लागल्यावर त्यांनी वळून दाराबाहेर पाहिलं. तिथे ढीग नव्हते, खाडी नव्हती. चौकटीएवढा पांढरा उजेड होता आणि त्याने डोळ्यांत पाणी आलं.

"इथे दोन्ही एकदम दिसतच नाही," त्या म्हणाल्या.

"तेच तं सांगतो मी पोराला," नाथाकाका म्हणाले. "आत बघलं तं भायेर न्हाय, भायेर बघलं तं आत न्हाय. त्याचे फोटूत दोनी कशी?"

सुयोग दारात उभा होता.

घरी आल्यावर पुष्पलताबाईंनी तिन्ही सॉफ्टवेअर बंद ठेवली. सुयोगचे मूळ तीन फोटो एकावर एक लावले आणि माउसने, जागा निवडून निवडून, काय दिसू द्यायचं ते ठरवत गेल्या. चेहऱ्याची दाराकडची बाजू उजळ, दुसरी काळोखात. हात गुडघ्यावर ठेवलेले, बोटांपर्यंत दिसणारे. बाहेरचं मीठ मात्र त्यांनी पांढरं होऊ दिलं, अगदी डार्करूममध्ये चूक म्हणून फाडून टाकलं असतं इतकं. त्या पांढऱ्यापुढे नाथाकाकांचे बारीक केलेले डोळे उठून दिसायला लागले. चार दिवस लागले.

प्रिंट घेऊन त्या स्वतः पाटलांकडे गेल्या. नाथाकाकांनी तो फोटो नाकाजवळ धरला, मग खिडकीपाशी नेऊन तिरका केला. अंगठ्याने त्यांनी कागदावरचा पांढरा भाग चाचपून पाहिला.

"डोलं बारीक केलंत मी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "यो मी हाव."

पुष्पलताबाईंना बावीस वर्षांत असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांनी समोरचा चहा उचलला.

निघताना सुयोग त्यांना सोडायला फाटकापर्यंत आला. "काकू, रागावू नका. तुमचा फोटो चांगलाच आहे. पण त्यात मागचं काहीच नाही. पुढच्या वर्षी हे मिठागर असं नसेल. माझी इशिता आता तीन वर्षांची आहे. उद्या तिने विचारलं, आजोबा कुठे काम करायचे, तर मी तिला पांढरा कागद दाखवू?"

रिक्षात बसल्यावर आणि घरी भाजी चिरतानाही पुष्पलताबाई तोच विचार करत राहिल्या. नवरीचा चेहरा उजळ करताना मागची माणसं काळोखात गेली, तर त्यांनी कधी पर्वा केली नव्हती. त्या माणसांतही कुणाचं तरी कुणी असेलच.

पाटलांच्या घरात दोन्ही फोटो लागले. पुष्पलताबाईंचा नाथाकाकांच्या खोलीत, सुयोगचा बाहेर हॉलमध्ये.

पावसाळ्यानंतर नाथाकाकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी सुयोगचा फोन आला. "काकू, बाबा तासभर हॉलमधल्या फोटोसमोर उभे आहेत. म्हणतात, ही लवूची खोप."

लवू हा नाथाकाकांचा जोडीदार. तीस वर्षं दोघांनी शेजारी शेजारी मीठ ओढलं होतं, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली होती. पुष्पलताबाईंनी कॉम्प्युटर लावला, सुयोगचा फोटो उघडला आणि मोठा करत नेला. ढिगांच्या पलीकडे, खाडीच्या अलीकडे, नखाएवढी खोप होती. एका बाजूला कललेली. मग त्यांनी स्वतःचा फोटो उघडला. त्याच जागी पांढरं होतं. ते त्यांनीच केलं होतं, बहुधा दुसऱ्या दिवशी, फार विचार न करता.

रविवारी त्या भाईंदरला गेल्या. नाथाकाका ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"काका, तुमच्या खोलीतल्या फोटोत मी लवूंची खोप परत घालू का? दिसेल इतपत. मला जमेल."

नाथाकाकांनी मान हलवली. "ऱ्हाव दे, बाय. दुपारचा मना ती कवाच दिसली न्हाय. सांजचा दिसायची. ऊन उतरलं का लवू तिथनं हात करायचा."

"संध्याकाळी मीठ कसं दिसतं?"

"सांजचा?" ते म्हणाले. "तवा दोनी दिसतात."

पुष्पलताबाईंनी सुयोगकडे पाहिलं. संध्याकाळी आत जाता यावं म्हणून तो मोबाईल काढून बंद मिठागराच्या रखवालदाराचा नंबर शोधत होता.