डाव्या दाराचा स्पीकर

विश्वनाथ पाटणकरांचा आपल्या कानांवर जेवढा भरवसा होता, तेवढा देवावरही नसेल. सगळी नोकरी त्यांनी भोपाळच्या कारखान्यात विजेच्या मोटारी तपासण्यात काढली. फिरत्या मोटारीला लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. नवे इंजिनीअर मोजायची यंत्रं आणायचे, पण अडलं की 'पाटणकरसाहेबांना विचारा' म्हणायचे. असा माणूस कानाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेतो थोडाच!

भोपाळमधल्याच कोटरा भागातल्या घरासमोर त्यांची जुनी मारुती उभी असायची. रविवारी संध्याकाळी नवरा-बायको तळ्याकडे चक्कर मारायची. टेपवर नाट्यपदं लागायची आणि डावीकडच्या सीटवर प्रमिलाबाई गुणगुणायच्या. गळा काही फार मोठा नव्हता, पण विश्वनाथरावांचा अख्खा आठवडा त्या गुणगुणण्यावर निघायचा. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. सांगायचं कशाला, असं त्या पिढीतल्या पुरुषांना वाटतं, आणि मग बसतात पस्तावत.

मग साताऱ्याची ताई आजारी पडली. ताई म्हणजे प्रमिलाबाईंची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलेलं.

"मला एकदा नेऊन आणा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"दिवाळी होऊ दे, मग निवांत जाऊ."

ताईने दिवाळीची वाट पाहिली नाही. प्रमिलाबाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. घरात चहा, भाजी, गॅसवाला, एवढंच बोलणं उरलं. ताईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर गाडीतलं गुणगुणणंही थांबलं. विश्वनाथरावांनी त्याचा एकच अर्थ लावला: हिने आपल्याला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. 'चुकलो' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. मग अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. भलतंच काहीतरी दुरुस्त करायला घेतलं.

त्यांचं निदान असं, की गाडीचा टेप बसका झालाय. डाव्या दाराच्या स्पीकरमधून तर आवाजच येत नाही. ती बसते डावीकडे, मग गुणगुणणार कशावर? धड सूर कानावर पडला तर आपोआप गळा उघडेल, आणि एकदा गळा उघडला की बोलेलही.

एम. पी. नगरात परागचं गाड्यांच्या टेप-स्टिरिओचं दुकान होतं. पराग मूळचा ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, निम्मं हिंदीतच बोलायचा.

"काका, गाडी इतकी पुरानी, त्यात एवढा भारी स्टिरिओ कशाला?"

"गाडी म्हातारी आहे, बहिरी नाही. तू बसव."

परागने नवा स्टिरिओ बसवला, दोन्ही दारांत नवे स्पीकर घातले, तारा बदलल्या. विश्वनाथराव ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसले.

"डावा वाजत नाही."

"वाजतोय ना काका. हात लावून बघून घ्या."

डावा स्पीकर काढून दुसरा घातला. तरी तेच. "काम मन लावून करायचं असतं," असं सुनावून विश्वनाथराव तणतणत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच जुना पेचकस काढला. गाणं अगदी बारीक आवाजात लावलं, दाराशी बसून डाव्या स्पीकरला टोक टेकवलं आणि सवयीने मूठ उजव्या कानाला लावली. गायकाचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू आला. स्पीकर ठणठणीत होता. मग अडतंय कुठे? हात भरून आला म्हणून त्यांनी हात बदलला आणि मूठ डाव्या कानाला लावली.

गाणं संपलं, असं त्यांना वाटलं. स्टिरिओवर मात्र आकडे पुढे सरकत होते. त्यांनी मूठ परत उजवीकडे नेली. गाणं चालू होतं. डावीकडे नेली. काही नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. बिचाऱ्या परागला उगाच बोल लावला. पण विश्वनाथरावांना आता कानाचं काही वाटत नव्हतं. ते उठून आपल्या सीटवर बसले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. त्यांनी प्रमिलाबाईंना हाक मारली.

ओले हात पदराला पुसत त्या आल्या, डावीकडे बसल्या.

"प्रमिला, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

प्रमिलाबाईंचे ओठ हलले, पण शब्द कळले नाहीत. विश्वनाथरावांनी मान हलवली. "इकडून बोल."

त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून त्यांच्या खिडकीशी आल्या. विश्वनाथरावांनी गाणं बंद केलं, काच खाली घेतली.

"कधीपासून?"

"माहीत नाही. तू गाडीत मला कधी काही बोलली होतीस?"

प्रमिलाबाई खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या.

"वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी. तळ्याजवळ. म्हटलं, ताई गेली त्यात तुमचा दोष नाही, मनाला लावून घेऊ नका. किती दिवस मनाशी जुळवत होते मी ते. आणि तुम्ही हात पुढे केलात, गाणं मोठं केलंत."

केलं होतं. डावीकडून आवाज येत नाही म्हणूनच केलं होतं. विश्वनाथरावांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते रडले. ज्या माफीसाठी हा माणूस झुरत होता, ती कधीच देऊन झाली होती.

"दिवाळीपर्यंत थांबायला नको होतं गं. माझं चुकलं."

"नको होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळेही भरले होते. त्यांनी खिडकीतून हात घालून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरांनी कान तपासला आणि गेलेलं परत येणार नाही, असं सांगितलं.

हल्ली रविवारी प्रमिलाबाई मागे, विश्वनाथरावांच्या बरोबर पाठीमागे बसतात. शेजारच्या इंदुमतीबाईंना वाटतं, म्हातारपणी दोघांचं बिनसलं. प्रमिलाबाई दाराच्या बाजूने पुढे वाकतात आणि त्यांच्या उजव्या कानाशी बोलत राहतात, मनात आलं तर गुणगुणतात. नवा स्टिरिओ बहुतेक बंदच असतो.