गिरकीतला चेहरा

उर्वशीचं नाव तिच्या बापाने ठेवलं होतं. कशावरून ठेवलं, हे तिने गडचिरोलीत कुणाला सांगितलं नाही. ती जन्मली त्या वर्षी बाप, देवाजी, दंडारीच्या नाच-नाटकात उर्वशी अप्सरेचं काम करत होता, बस एवढंच. कुरखेड्याकडच्या त्यांच्या गावात दिवाळी सरली की मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईत दंडार होते. दंडारीत बायांची कामं गडीच करतात, आणि त्यात देवाजीचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. वर्षभर धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा माणूस त्या दिवशी मिशी उतरवायचा, बायकोचं, मनकर्णाचं लुगडं नेसायचा, पायात घुंगरं बांधायचा आणि ढोलकीवर अशी गिरकी घ्यायचा की ती बघायला दुसऱ्या गावांहून माणसं यायची.

लहानपणी उर्वशी आखाड्याला खेटून बसायची आणि बाप जवळून गेला की लुगड्याचा वारा अंगावर घ्यायची. सातवीत मात्र ती कुरखेड्याच्या शाळेत जायला लागली. तिथे एक दिवस मधल्या सुट्टीत वर्गातला एक पोरगा कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर मुरडत चालला आणि म्हणाला, “तुले त दोन माया हायेत, एक घरची अन् एक दंडारीतली.” सगळे हसले. तीही हसली, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. घरी येऊन तिने मायला सांगितलं की यंदा मंडईला मी थांबणार नाही. देवाजी तिथेच जेवत होता. दिवाळी झाली आणि त्याने स्वतःच तिला सायकलवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, आरमोरीच्या मावशीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. तिकडची मंडई चांगली असते, असं तो म्हणाला. पुढे दरवर्षी तेच झालं. कारण दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते कधी तोंडावर आणलं नाही.

कॉलेजसाठी ती गडचिरोलीत आली आणि मग तिथेच एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवायला लागली. फोटोंचा नाद लागला तो हातात बरा मोबाईल आल्यावर. स्थिर वस्तूंचे फोटो तिला कधी भावले नाहीत. हलणारी वस्तू पकडायची, हेच तिचं वेड. बसस्टँडवर उभं राहून ती येणाऱ्या एसटीच्या वेगाने मोबाईल फिरवायची. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, श्वास धरायचा आणि कमरेतून वळायचं. जमलं की बस चक्क उभी दिसायची आणि मागची दुकानं रंगांच्या रेघा होऊन पळायची. शटर जलद ठेवलं तर उफणलेल्या धानाचा दाणा न् दाणा हवेत अडकून राहायचा; हळू ठेवलं तर तेच धान सोनेरी धूर होऊन खाली यायचं. दहा-दहा फोटो वाया जायचे तेव्हा एखादा हाती लागायचा. त्या एकासाठी ती उन्हात तासन् तास उभी राहायची.

शहरात मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांचा एक गट होता. चित्रकला शिकवणारा आदेश तो चालवायचा. त्या वर्षी गटाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि विषय दिला ‘गती’. बाकीचे ताडोब्याच्या वाघामागे लागले. उर्वशीच्या मनात मात्र पहिल्या क्षणी जे आलं ते बापाची गिरकी. इतक्या वर्षांत तिने तेवढं वेगवान आणि तेवढं तोलातलं दुसरं काही पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती गावी गेली आणि मंडईला थांबली. मनकर्णाला कोण आनंद झाला. देवाजी नुसता, “राह्यली का? बरं केलं,” म्हणाला आणि तयारीला गेला.

दुपार कलली होती. ताडपत्रीच्या मांडवाखाली दंडार रंगात आली होती. उर्वशी गर्दीच्या मागे, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली, जेणेकरून हातही हलणार नाही आणि कुणी बघणारही नाही. देवाजी गिरकीत शिरला. तिने जलद शटरवर पहिला फोटो घेतला आणि पडद्यावर पाहिला. सगळं लख्ख आलं होतं. लाल ओठ, नाकातली नथ, डोळ्यांतलं काजळ, आणि त्या सगळ्याखाली ताज्या भादरलेल्या मिशीची हिरवट जागा, बापाचा रुंद जबडा. गडचिरोलीच्या भिंतीवर हा चेहरा लागलेला तिला दिसला, आणि कोणीतरी कमरेवर हात ठेवून मुरडताना दिसलं. तिने फोटो पुसून टाकला.

मग शटर हळू केलं. आता पाय तेवढे जमिनीला टेकलेले दिसत, त्यांच्या वर लुगड्याचं हिरवं चक्र, आणि चेहऱ्याच्या जागी फिकट रंगाचा एक पट्टा. ती स्वतःला सांगत राहिली की चेहरा गेला तेव्हाच गती दिसली, कला म्हणतात ती हीच. ते खरंही होतं. पण बोट शटरवर हळूच्या बाजूला का सरकलं, हे तिचं तिला माहीत होतं.

जानेवारीत एका सभागृहात प्रदर्शन लागलं. उर्वशीचा फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा करून लावला होता. लोक येत, तिथे थबकत. दुपारी छोटासा कार्यक्रम झाला. आदेशने तिला माईकपाशी बोलावलं, फोटो कसा काढला ते विचारलं. ती छान बोलली. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ह्या नर्तकी कोण? दंडारीत गडी नाचतात असं आदेशने सांगितलं तेव्हा रांगेत थोडी खसखस पिकली. बाईंनी पुन्हा विचारलं, मग हे कलावंत कोण, तुमच्या ओळखीचे का?

“नाही,” उर्वशी म्हणाली. “मंडईत दिसले. नाव विचारायचं राहून गेलं.”

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला देवाजी तिथे अनवाणी उभा होता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या, दुसऱ्या कुणीच काढल्या नव्हत्या तरी. मनकर्णाने उर्वशीकडून फोनवर प्रदर्शनाचं ऐकलं होतं आणि तिनेच त्याला, लेकीला न कळवता जा, म्हणून धाडलं होतं, तिला बरं वाटेल म्हणून.

टाळ्या झाल्या. लोक उठले. देवाजी गर्दीतून वाट काढत फोटोपाशी आला, बराच वेळ बघत राहिला, मग तिच्याकडे वळला. आदेश तिच्या शेजारीच होता.

“फोटो बेस झाला, मॅडम,” देवाजी म्हणाला. “गिरकी बराबर धरली तुमी.”

जन्मात त्याने तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. आदेशने कौतुकाने विचारलं, काका, तुम्हाला दंडारीतलं कळतं वाटतं?

“आमच्याकडे होत रायते. पायतो कदी कदी,” देवाजी म्हणाला. दोघांना नमस्कार केला आणि निघाला. दाराबाहेर वाकून त्याने चपला घातल्या. एक शब्द, एकच हाक पुरली असती. उर्वशीच्या तोंडून ती निघाली नाही. ती संध्याकाळपर्यंत थांबली, चहा प्यायली, तिने लोकांबरोबर फोटोपुढे उभं राहून फोटो काढून घेतले. खोलीवर गेल्यावर ती न जेवता पडून राहिली.

चार-पाच दिवस तिला गावी फोन करायचा धीर झाला नाही. मग शनिवारी ती बसमध्ये बसली. वाटेत तिने ठरवलं होतं की मायसमोरच सगळं कबूल करायचं, ती दोन शिव्या देईल, रडेल, मग हलकं वाटेल. पण अंगणात शिरते न शिरते तोच मनकर्णाने तिला मिठीच मारली. देवाजीने घरी येऊन सांगितलं होतं की लेकीने माईकवर साऱ्यांसमोर म्हटलं, हे माझे बाबा आहेत, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मनकर्णाने ते गावभर केलं होतं. शेजारच्या इंदुताई घरात आल्या आणि म्हणाल्या, पोरी, बापाचं नाव काढलंस. उर्वशी खाली मान घालून बसली. इंदुताईंना ती लाजली असं वाटलं.

देवाजी घरामागे तणस रचत होता. ती तिथे गेली.

“बाबा, मी चुकली.”

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली नाही. “काई चुकली नाई. शिकल्या-सवरल्या लोकायत रायतेस तू. मले समजते.”

“मी मायले खरं सांगतो.”

“नोको. खुश हाय ते. तेवढं मोडू नोको.”

एवढंच बोलणं झालं. तो रागावला असता तर तिला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. तो रागावला नव्हता. त्याला कधीच काही वेगळं अपेक्षित नव्हतं, आणि हेच तिला सहन होईना.

गडचिरोलीला परतल्यावर तिने आदेशला सांगितलं की फोटोतला माणूस माझा बाप आहे. तेव्हाच का नाही सांगितलं, एवढंच त्याने विचारलं. आदेशने गटावर देवाजीचं नाव आणि नातं टाकलं, आणि बघता बघता कौतुकाचा पाऊस पडला. किती अभिमान वाटत असेल, असं कुणी लिहिलं. उर्वशीने मोबाईल पालथा घातला.

पुढच्या मंडईला ती गेली ती चेहऱ्याचा फोटो काढायचाच असं ठरवून. या वेळी ती झाडामागे नव्हती, आखाड्याला लागून पुढे बसली होती, शेजारी मनकर्णा. शटर जलद केलं होतं. देवाजी गिरकी घेत घेत तिच्या बाजूला आला, आणि समोर येताच त्याने मान वळवून पदर गालावर ओढला. तिला वाटलं, नाचातलंच असेल. तो पुन्हा आला, पुन्हा तसंच. दुसऱ्या बाजूला, परक्यांच्या मोबाईलपुढे तो खुशाल हसत होता. फक्त तिच्यापुढे आला की त्याचा चेहरा पदराआड जात होता. तिला नको असलेलं तो न विसरता लपवत होता.

“काढ ना,” मनकर्णा तिला कोपराने ढोसत म्हणाली. “काऊन थांबली?”

उर्वशीने मोबाईल ओटीत ठेवला आणि बापाकडे नुसती बघत राहिली. ढोलकी चढत गेली. तो पुन्हा तिच्यासमोर आला, तिच्या रिकाम्या हातांवर त्याची नजर क्षणभर पडली, आणि पदर न ओढता तो पुढे निघून गेला.