सरबतातला अंटार्क्टिका

कोकम सरबत समोर आलं की मी आजही ग्लास बाजूला सारते.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या कॉलेजला एका परदेशी विद्यापीठाने एकत्र संशोधनासाठी अंटार्क्टिकाचा बर्फ पाठवला होता. प्रयोगशाळेची सहायक म्हणून मीच तो तिथल्या फ्रीजरमध्ये जपत होते. त्या विद्यापीठाचे प्राध्यापक भेटीला आले, आणि सत्काराच्या सरबतात प्राचार्यांनी तोच बर्फ फोडून घातला.

"सर, त्यातली हवा तपासायची होती," मी कुजबुजले.

"अगं, परत मागवू. तू पण घे ना."

ग्लासात बर्फ तडतडत होता. हजारो वर्षं कोंडलेली हवा त्या गुळमट लाल पाण्यात सुटत होती. पाहुण्यांना कळलं तेव्हा त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

मी मात्र प्यायले. वर, सरांना छान झालंय असंही म्हणाले.