बिनखुर्चीची निवडणूक

आमच्या गल्लीतल्या बाइंडरला सगळे 'मंत्रीसाहेब' म्हणतात. जन्मात निवडणूक लढवली नाही हो त्याने. तरुणपणी निवडणुकीचा खेळ काढला, एवढाच गुन्हा. पटावर प्रांताचे बारा जिल्हे, फासे टाकून प्रचार, 'बंडखोरी'ची चिठ्ठी आली की निम्म्या जागा गेल्या. सगळ्यात खालच्या ओळीत खुर्ची. तिथे पोचला तो जिंकला.

पुढचं मी चवीने सांगतो, त्याला आवडत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवण्याआधी दोनशे छापील कागद त्याने कटिंग मशीनखाली घातले, तेही उलटे. खुर्चीची ओळच कापली गेली! पण बाइंडरची नजर कडांवर. कडा सुबक आल्या म्हणून स्वारी खूश. दुकानांतून खोकी परत आली तेव्हा कळलं. चाळीस वर्षं ती पलंगाखाली.

परवा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ती खोकी न्यायला रद्दीवाल्याला चारची वेळ दिली. तीनला हा माझ्या दारात. "एकदा खेळून बघू रे. मी स्वतःसुद्धा कधी खेळलो नाही."

तोंड बघून मला चिडवायचंही सुचलं नाही. म्हणजे बघा!

त्याच्या घरी पट मांडला, तिसरा भिडू हवा म्हणून वहिनींना बसवलं.

"मला नाही कळत राजकारण."

"चाळीस वर्षं याला सांभाळताय," मी म्हटलं, "आणखी काय असतं राजकारण?"

"पण खुर्चीच नाही, तर जिंकायचं कसं?" बाइंडर पडल्या आवाजात म्हणाला.

"नसू दे," वहिनी म्हणाल्या. "सात जिल्हे जमवेल त्याचं राज्य. हवं तर दुसऱ्याशी हातमिळवणी करून."

मी लगेच बाइंडरशी युती केली. दहा मिनिटांत दोन जिल्ह्यांचं आमिष दाखवून वहिनींनी मला फोडलं. "गद्दार!" बाइंडर ओरडला. इतक्या आनंदाने ओरडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. कुणाचे सात व्हायला आले की उरलेले दोघे एक व्हायचे, आणि डाव पुन्हा पहिल्यापासून.

चारला रद्दीवाला आला. वहिनींनी मान वर केली नाही. "थांबा हो. डाव संपला की न्या."

पाचला त्याने विचारलं. साडेपाचला विचारलं. सहाला रिकामं पोतं घडी करून त्याने बुडाखाली घेतलं.

"पिवळ्या सोंगट्या कुणाच्या?"

"तुमच्या," वहिनी म्हणाल्या. "पण आधी बोला, माझ्या बाजूने की यांच्या?"