आईचा हात पुरला तिथवर

स्टेजवर खुर्च्या पाच होत्या आणि माणसं सहा. आशियातल्या वेगवेगळ्या देशांतून आलेले चार चित्रकार, पाचवी मी, आणि आम्हाला प्रश्न विचारणाऱ्या पुण्याच्या क्युरेटर बाई. लातूरच्या त्या हॉलमध्ये मी दोनदा मोजलं. मग दिसलं, खुर्च्यांच्या पुढे सतरंजी टाकलीय. तिच्यावर बादली, पांढरी माती, एक फडकं, मागे टेकवलेला कोरा बोर्ड. म्हणजे ती जागा माझी.

"तुम्ही खालीच बसा ना," बाई हसून म्हणाल्या. "तुमचं काम मातीचं. आमचं बोलणं सुरू असताना तुम्ही सारवत राहा. किती छान दिसेल!"

चूक माझीही होती. आदल्या दिवशी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "थोडं करून दाखवाल ना?" मी लगेच म्हणाले, "हाव, दाखवते की." बाकीच्यांनाही करून दाखवायला सांगितलंय का, हे विचारलंच नाही. कुणी गोड बोलून काम सांगितलं की हो म्हणायचं, ही आमच्या घरची सवय. शिवाय आम्हा पाचांतल्या तिघांची कामं परदेशातल्या प्रदर्शनाला जाणार होती. ते तिघं बाईच ठरवणार होत्या. मला जायचं होतं. फार जायचं होतं.

मी बसले. फडकं भिजवलं.

कोरियाची एक बाई हातानं कागद बनवते. तिला क्युरेटर बाईंनी विचारलं, कागदाचा थर किती दिवस वाळवता, एकावर एक सात थर का देता. इंडोनेशियाचा माणूस कापडावर मेणानं नक्षी काढतो. त्याला विचारलं, मेण नीट तापलंय हे कशावरून ओळखता. चांगले प्रश्न. मी हात फिरवत ऐकत होते. मग माईक खाली माझ्यापुढे वाकवला.

"आणि तुम्ही? तुमच्या गावातल्या वेदनेबद्दल सांगा."

माती कुठली, विचारलं नाही. फडकं कसलं, विचारलं नाही. माझ्या प्रत्येक बोर्डावर माती अर्ध्याच्या थोडी वर येऊन का थांबते, पुढचं लाकूड कोरं का, हे तर नाहीच. ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. बाहेर मांडलेल्या माझ्या कामाखाली पाटी होती, 'मौन'.

मौन कसलं डोंबलाचं!

जळकोटजवळचं आमचं गाव. आम्ही बौद्ध. आई मजुरीला जायची. दसऱ्याच्या आधी एका मोठ्या शेतकऱ्याच्या घराला पोतारा द्यायचं काम तिच्याकडे. पोतारा म्हणजे भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा. पण फक्त बाहेरच्या भिंती. उंबऱ्याच्या आत त्यांच्या घरच्या बायका सारवायच्या. आई बुटकी. तिचा हात पुरेल तिथवर पांढरं, वर भिंत उघडी. मी आठ वर्षांची. ओसरीवर लाकडी स्टूल दिसलं. उचललं आणि आईच्या पायाशी आणून ठेवलं.

मालकीण धावत आली. "ए पोरी! घरातलं हाय ते! शिवलीस का?"

ती काही करायच्या आत आईनंच माझ्या थोबाडीत दिली. मालकिणीचं समाधान व्हावं इतक्या जोरात. ते स्टूल पुन्हा घरात गेलं नाही. आम्हालाही दिलं नाही. उकिरड्याशेजारी पडून राहिलं, त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. वरची भिंत मग त्यांच्या सालगड्यानं शिडी लावून रंगवली. पांढऱ्यावर पांढरंच, तरी मधली रेघ दिसायची. शाळेला जाता-येता मी ती रेघ बघायचे.

तीच रेघ मी आजही काढते. दर दसऱ्याला आईला नव्या बोर्डापुढे उभी करते. ती हात वर करते. बोटं पोचतात तिथं मी खिळ्यानं खूण करते. पोतारा तिथवरच. आईची पाठ वाकत चाललीय. यंदाची खूण चार बोटं खाली आली. हे माझं काम. हे विचारायचं सोडून मला वेदना विचारत होत्या.

आई त्या दिवशी समोर पहिल्या रांगेत होती. नवी साडी नेसून, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली. मी मान वर केली तर तिची खुर्ची रिकामी. आई खाली फरशीवर बसली होती. लेक खाली बसली म्हणून तीही उतरली. तिला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

माझं डोकं फिरलं. फडकं बादलीत टाकलं आणि स्टेजवरून खाली आले.

"आई, वर बस."

"असू दे की. हितंच बरं हाय मला."

"बस म्हणते ना!"

ती बसली. तिच्या शेजारची मोकळी खुर्ची मी ओल्या हातांनी उचलली, स्टेजवर नेली. कोरियाच्या बाईनं स्वतःची खुर्ची सरकवून जागा केली. क्युरेटर बाई माईक बाजूला धरून हळूच म्हणाल्या, "अहो, लोकांना तुमचा हात बघायचाय."

"मग ह्यांनाही खाली कागद कुटायला बसवा," मी म्हणाले. "सगळेच बसू. तुम्हीबी बसा."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. मग मी बोलले. माती, फडकं, खिळा, आईची उंची, ते स्टूल. सगळं सांगितलं.

चहाच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेतलं. "इतकं चिडायला काय झालं? 'मौन' किती सुंदर नाव आहे! तेवढं राहू द्या. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे परदेशाचं. मला कळलं. खोटं कशाला सांगू, हो म्हणावंसं वाटलं. 'हाव' अगदी ओठांवर आलं होतं.

बाहेर गेले, पाटी उचकटली, बोर्ड उतरवायला लागले. आई दुसरं टोक धरायला आली.

"आता न्हाई बोलावणार ह्या तुला."

"नको बोलावू देत."

त्या तिघांत माझं नाव आलं नाही. लागलं, अजून लागतं. पण आता कुणीही बोलावलं तरी मी आधी विचारते, माणसं किती आणि खुर्च्या किती. आणि माझ्या कामाखाली माझ्याच हातानं लिहिलेली पाटी लागेल, नाहीतर काम लागणार नाही. दोनच ओळी आहेत.

आईचा हात इथवर पुरला.

स्टूल होतं. दिलं नाही.