दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा

आम्ही प्लॉट पाडून वसवलेल्या त्या लेआउटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात फाटकासमोर कचरा पडायला लागला. आधी कांद्याची सालं, मग उष्टं, एकदा मेलेला उंदीर. गल्लीत अकरा घरं, त्यात बौद्धाचं आमचं एकच. बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होते. आई गेलेली. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी आम्ही दोघंही बाहेर पडायचो आणि संध्याकाळी परत आलो की ढीग तयार असायचा.

बाबा सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. ते समोरच राहायचे, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. ते म्हणाले, "कुत्रे आणत असतील. पुरावा असेल तर सांगा."

घरी येऊन बाबांनी झाडू घेतला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पुरावा पायजे ना त्यायले? देऊ," मी म्हटलं.

घरात व्हीसीआर होता. मोठा भाऊ आखातात कामाला, त्याने पाठवलेला. त्याच महिन्यात बाबांच्या कारखान्याने गेटवरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा भंगारात काढला. बाबांनी साहेबांना विचारून तो घरी आणला. बुटाच्या खोक्याएवढा, चांगलाच जड. त्याच्यामागे फिरवून अडकवायचं गोल सॉकेट होतं आणि व्हीसीआरला साधं पिनेचं भोक. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

मी बर्डीच्या बाजारातल्या व्हिडिओच्या दुकानात गेले. दुकानदाराने कॅमेरा उलटासुलटा केला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"नाही जमत ताई. व्हीसीआर एका कंपनीचा, कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा. याले याच कंपनीचा कॅमेरा लागते."

"काहून? दोन्हीचा सिग्नल तर एकच."

तो हसला. "घरी कोणी माणूस असल तर त्याले पाठवा. तुमाले समजावून फायदा नाही."

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि सायकलने घरी आले. वर्धा रोडभर माझे कान तापलेले होते.

अँटेनाची उरलेली केबल घेतली. एका टोकाला रेडिओवाल्याकडून आणलेला गोल प्लग, दुसऱ्या टोकाला पिन, दोन्ही स्वतः झाळले. कॅमेऱ्याला चोवीस व्होल्ट लागायचे, त्यासाठी बाबांनी जुना ट्रान्सफॉर्मर मिळवला. सगळं जोडलं आणि टीव्हीवर आमचं फाटक आलं. पण ते वरून खाली सरकत होतं, थांबतच नव्हतं. कॅसेटवर घेतलं तर त्याहून वाईट, नुसत्या तिरप्या रेघा.

तीन दिवस तेच चाललं. बाबा म्हणाले, "राहू दे वं. तो दुकानदार खरं बोलला असल."

"चित्र येऊन राहिलं ना बाबा? म्हणजे सिग्नल पोचते. फक्त ठरत नाही."

चौथ्या दिवशी मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि एकेक वायर बोटाने धरत गेले. तेव्हा कळलं. कारखान्यात त्याला दोन केबली होत्या. एक चित्र बाहेर नेणारी, आणि दुसरीतून कंट्रोल रूमकडून इशारा यायचा की आता नवं चित्र सुरू कर. आमच्या घरी तो इशारा द्यायला कोणी नव्हतं. सर्किटच्या कडेला एक बारीक स्विच होता, त्यावर रंगाचा थेंब वाळलेला. मी ब्लेडने रंग खरवडला आणि स्विच दुसऱ्या बाजूला सरकवला, म्हणजे कॅमेऱ्याने आपला इशारा आपणच द्यायचा.

फाटक जागेवर उभं राहिलं. त्याच्या सळ्या मोजता येत होत्या. बाबा टीव्हीसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ आपलं स्वतःचं फाटक पाहत राहिले.

कॅमेरा खिडकीच्या जाळीमागे ठेवला. निघताना मी रेकॉर्डचं बटण दाबायची. तीन तासांची कॅसेट. पहिले दोन दिवस नुसती गल्ली, तिसऱ्या दिवशी एक गाय. चौथ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. बनियान, लुंगी, हातात बादली. इकडेतिकडे पाहिलं, बादली आमच्या फाटकाशी उपडी केली, तळ दोनदा ठोकला आणि निघून गेले.

"त्यायच्या घरी जाऊन दाखवू," बाबा म्हणाले. "उगाच चारचौघात नको."

"कचरा तर चारचौघातच पडते," मी म्हटलं.

रविवारी दुपारी मी घरोघर सांगून आले की आमच्याकडे व्हिडिओ लावतो आहोत. ज्यांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता तेही आले. व्हिडिओला कोण नाही म्हणतं. अध्यक्ष बायकोला घेऊन आले, त्यांना मी पुढची खुर्ची दिली. पाण्याचे ग्लास फिरवले. अर्ध्या लोकांनी घेतले नाहीत.

मी कॅसेट लावली. सगळे पिक्चरची वाट पाहत होते आणि पडद्यावर आमचं फाटक. कोणीतरी हसलं. मग बादली आली.

"हा कोण आहे ते नीट दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं.

तेव्हा त्यांची बायको बोलली, अगदी हळू. "तुमीच हा. बादली बी आपलीच हाये."

ते उठून गेले. ती मात्र बसून राहिली. तिने समोरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायली.

कचरा बंद झाला. माफी कोणी मागितली नाही. पंधरा दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं, कॅमेऱ्यामुळे गल्लीतल्या महिलांना संकोच वाटतो, तो काढावा. उत्तर मीच लिहिलं. फाटक आमचं आहे, कॅमेरा आमच्या फाटकाकडे आहे, आणि गल्लीतल्या एका महिलेचं मत मला माहीत आहे. ज्यांना चित्र तपासायचं असेल त्यांनी घरी यावं, चहा मिळेल.

बाबांनी पत्र वाचलं. शेवटची ओळ ते मला खोडायला लावतील असं वाटलं होतं. त्यांनी खाली सही केली आणि स्वतः नेऊन दिलं.