गेटवर ठरलेला भाव

संपानंतर बाबांची गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली, पंधरा-सोळा वर्षं रखडली आणि मग कायमची बंद पडली. देणी म्हणून बाबांना एक चेक मिळाला. आयुष्यात असा चेक पुन्हा येणार नाही, हे लालबागच्या आमच्या खोलीत चौघांनाही माहीत होतं. त्यामुळेच आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

दादा कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. सगळे पैसे एका सॉफ्टवेअर कंपनीच्या शेअरमध्ये घालायचे, असं त्याने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. वर्षभरात त्या शेअरचा भाव कुठल्या कुठे गेला होता. मी फोर्टमध्ये एका शेअर दलालाकडे कारकून होते. यातलं घरात मलाच जास्त कळतं, असा माझा तोरा, आणि दादाला राग नेमका त्याचाच.

"कंपनी आज जेवढं कमावते, त्या हिशोबाने आपले पैसे वसूल व्हायला शंभर वर्षं लागतील," मी म्हटलं.

"आजची कमाई काय धरतेस? ती दरवर्षी दुप्पट होतेय."

"होणार हे धरूनच भाव लागलाय रे. दुप्पट झाली तरी आपल्या हाती फारसं लागत नाही. जरा कमी झाली तर मेलो."

"तू जन्मभर दुसऱ्यांच्या ऑर्डरी लिहीत बस," दादा म्हणाला. आई उगाचच भांडी आपटत राहिली.

बाबा मध्ये पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल, ती कंपनी दाखव." गिरणीतल्या माणसांची ही जुनी रीत. दुसऱ्या गिरणीत लागायचं असेल, तर आधी पाळी सुटताना तिच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. आत काम आहे का, पगार वेळेवर होतो का, ते बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. बाबांचा अंदाज सहसा चुकत नसे.

कंपनीचं ऑफिस परळला, एका बंद गिरणीच्या आवारात होतं. इमारत काचेची, गेट मात्र जुनंच. सहानंतर पोरंपोरी बाहेर पडू लागली. गळ्यात ओळखपत्रं, हसणंखिदळणं, काही तर वडापावच्या गाडीपाशीही कामावरूनच हुज्जत घालत होती. बाबा तासभर उभे होते. संपानंतर मी त्यांना कुठल्याच गेटसमोर इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"आत काम असा," ते म्हणाले. मन भरून आलं की ते गावच्या मालवणीत बोलत. मग माझ्याकडे वळले. "कंपनी बरी असा मां गो?"

कंपनी चांगलीच होती. भाव वाईट होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी ऑफिसात रोज पाहत होते, आणि तेवढंच सांगायचं होतं. पण त्या ताठ पाठीकडे बघून मला धीर झाला नाही.

"हो बाबा," मी म्हटलं. "कंपनी चांगली आहे."

आठवड्याभरात शेअर घेतले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भाव इतका कोसळला की दादाने घरी पेपर आणणं बंद केलं. बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. आता किती उरलेत, तो आकडा मी एका दमात सांगून टाकला.

बाबांनी विचारलं, "कंपनी बंद पडली?"

"नाही. जोरात चाललीय. कमाईसुद्धा वाढलीय."

"म्हणजे पोरांच्यो नोकऱ्यो रवल्यो मां?"

"राहिल्या."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांचा चेहरा सैल झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. गेटवर मी काय गिळलं होतं ते सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा ते आईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगत होते.